बायकांचे डोळे आणि नजर वाचवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वेगवेगळ्या वयाच्या बायकांनी विचारलेत, काही मुलींनी आईसाठी विचारलेत, दोनचार नवऱ्यांनीही. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे नंबर दिलाय. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान २ आणि १९ वाचाच.

१. डोळे तर सगळ्यांचे सारखेच, मग बायकांसाठी वेगळी माहिती कशाला?

डोळ्याची रचना सारखी आहे पण नजर जाण्याचं प्रमाण सारखं नाही. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार जगात साधारण ११० कोटी लोकांना कमी दिसत होतं किंवा अजिबात दिसत नव्हतं, आणि त्यातल्या सुमारे ५५ टक्के बायका आणि मुली होत्या. याची कारणं तीन प्रकारची आहेत. बायका जास्त वर्षं जगतात त्यामुळे म्हातारपणाचे डोळ्याचे आजार त्यांच्या वाट्याला जास्त येतात. थायरॉइड, ल्युपस, संधिवात असे आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते, ते बायकांमध्ये जास्त असतात आणि ते डोळ्यांपर्यंत पोचतात. आणि तिसरं कारण, ज्याने मला सगळ्यात जास्त त्रास होतो, ते म्हणजे उपचार असूनही तिच्यापर्यंत उशिरा पोचणं. खुपऱ्या म्हणजे ट्रॅकोमा घ्या, या आजाराने आंधळं होण्याचं प्रमाण बायकांमध्ये पुरुषांच्या चौपटीपर्यंत जातं, कारण लहान मुलांना सांभाळताना त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा संसर्ग होत राहतो. चांगली बाजू अशी की दहापैकी नऊ जणांची कमी झालेली नजर वेळेत टाळता आली असती किंवा उपचाराने, अगदी साध्या चष्म्यानेसुद्धा, सुधारता येते.

२. मला सगळं स्वच्छ दिसतं, डोळे दुखत नाहीत, तरी तपासायचे का? आणि किती वर्षांनी?

हो, तपासायचे. नजर घालवणारे बरेचसे आजार दुखतच नाहीत. काचबिंदूचा नेहमीचा प्रकार बाजूची नजर हळूहळू खातो आणि जे दिसत नाही ती जागा मेंदू आपल्या अंदाजाने भरून काढतो, त्यामुळे निम्मं नुकसान होईपर्यंत पत्ता लागत नाही. शुगरमुळे पडदा खराब होतानाही सुरुवातीला काही जाणवत नाही. शिवाय एक डोळा खराब झाला तर दुसरा सांभाळून घेतो, म्हणून अधूनमधून एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने बघायची सवय लावा, मग उलट. बऱ्याच जणींना एका डोळ्याने कमी दिसतंय हे असंच अचानक कळतं.

काहीच त्रास नसेल तर चाळिशीला एकदा पूर्ण तपासणी, मग ५४ पर्यंत दर २ ते ४ वर्षांनी, ५५ ते ६४ दर १ ते ३ वर्षांनी आणि ६५ नंतर दर वर्ष-दोन वर्षांनी, असा साधारण हिशोब आहे. आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, मोठा मायनस नंबर असेल किंवा स्टेरॉइड चालू असेल तर चाळिशीची वाट बघू नका. शुगर असेल तर दरवर्षी पडदा तपासून घ्यायचा, टाइप २ असेल तर निदान झाल्या झाल्याच पहिली तपासणी.

३. मागच्याच महिन्यात नंबर काढून नवा चष्मा घेतला, म्हणजे झालीच ना तपासणी?

नाही. नंबर काढणं म्हणजे चष्म्याचं माप. पूर्ण तपासणीत डोळ्याचं प्रेशर मोजतात, ड्रॉप्स टाकून बाहुली मोठी करतात आणि आतला पडदा आणि डोळ्यामागच्या नसेचं टोक बघतात. ड्रॉप्सनंतर काही तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून त्या दिवशी गाडी चालवत जाऊ नका, सोबत कुणीतरी असू द्या.

४. चाळिशीचा चष्मा लावला की नंबर वाढतच जातो म्हणतात, म्हणून मी मोबाइल लांब धरून वाचते. चालेल?

चष्म्याने नंबर वाढत नाही. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं आणि चष्मा लावा न लावा, साठीपर्यंत जवळचा नंबर थोडा थोडा वाढणारच. न लावता काढलेल्या वर्षांत डोकेदुखी तेवढी मिळते, बाकी काही नाही.

५. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं वाटतं, पण पाणीही सारखं येतं. मग याला कोरडे डोळे कसं म्हणायचं?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या अश्रूंमध्ये नुसतं पाणी नसतं, त्यावर तेलाचा एक पातळ थर असतो जो पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींमधून येतो. तेल कमी पडलं की पाणी लवकर उडून जातं, डोळा कोरडा पडून चिडतो आणि मेंदू घाईघाईने नुसतं पाणी सोडतो, ते गालावर येतं पण डोळ्यावर टिकत नाही. म्हणजे पाणी येणं हेच कोरडेपणाचं लक्षण असू शकतं.

बायकांमध्ये हे जास्त का, तर त्या तेलाच्या ग्रंथी हॉर्मोन्सवर चालतात, त्यातही अँड्रोजेनवर, जे बायकांमध्ये मुळातच कमी असतं आणि वयाबरोबर आणखी कमी होत जातं, म्हणून पाळी जायच्या सुमारास हा त्रास एकदम वाढतो. भरीला स्क्रीन आहेच, स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या खूप कमी वेळा लववतो आणि अर्धवटच मिटतो. ॲलर्जीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीसुद्धा डोळे कोरडे पडतात.

रोज ५ ते १० मिनिटं बंद डोळ्यांवर गरम, म्हणजे सोसेल इतकंच गरम, ओलं फडकं ठेवा आणि मग पापण्यांची कड हलक्या हाताने पुसा, याने अडकलेलं तेल सुटतं. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. स्क्रीनचं काम असेल तर दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा आणि मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा. अश्रूंसारखे ल्युब्रिकंट ड्रॉप्स चालतात, पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण ते प्रिझर्व्हेटिव्हच डोळ्याला टोचायला लागतं. लाली घालवणारे ड्रॉप्स मात्र रोज वापरू नका, बंद केल्यावर डोळे आणखी लाल होतात.

आणि डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, कोरडा घास गिळायला पाणी लागत असेल, सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांना शोग्रेन (Sjögren) सिंड्रोमबद्दल विचारा, यात प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते. याच्या दहा पेशंटमध्ये नऊ बायका असतात, आणि ‘वय झालं, होणारच’ म्हणून वर्षानुवर्षं हे लपून राहतं.

६. पाळी गेल्यावर हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या तर कोरडेपणा कमी होईल का?

त्या भरवशावर गोळ्या सुरू करू नका. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये कोरड्या डोळ्यांचा त्रास उलट जास्त दिसलाय. अंगातून वाफा, हाडं अशा दुसऱ्या कारणासाठी गोळ्या चालू असतील तर डोळ्यांसाठी स्वतःच्या मनाने बंदही करू नका, दोन्ही डॉक्टरांना सांगा आणि वर ५ मध्ये दिलंय ते चालू ठेवा.

७. पाचवा महिना चालू आहे, चष्मा लावूनही धूसर दिसतं आणि कॉन्टॅक्ट लेन्स टोचतात. नंबर बदलला का?

बहुतेक तात्पुरता बदललाय. प्रेग्नन्सीत शरीरात पाणी साठतं तसं डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागातही साठतं, त्याची जाडी आणि गोलाई थोडी बदलते, अश्रूही कमी होतात, म्हणून लेन्स बसत नाही. डिलिव्हरीनंतर काही आठवड्यांत हे बहुधा पूर्ववत होतं. महागडा चष्मा आत्ता करू नका, अगदीच अडत असेल तर कामापुरता साधा करा. नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन तर प्रेग्नन्सीत आणि अंगावर पाजत असताना नकोच, कारण मोजलेला नंबर स्थिर नसतो. मात्र धूसरपणा एकदम आला असेल तर हे उत्तर सोडा आणि ८ वाचा.

काचबिंदूचे ड्रॉप्स चालू असतील तर बाळाचा विचार करतानाच डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा. ड्रॉप्स नाकावाटे रक्तात जातात, आणि ब्रिमोनिडिनसारखं औषध अंगावर पिणाऱ्या बाळाचा श्वास मंदावू शकतं. ते वेळेत बदलता येतं. ड्रॉप टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरला तर औषध शरीरात कमी जातं.

८. सातव्या महिन्यात डोळ्यांसमोर चमकतं, ठिपके दिसतात. झोप कमी म्हणून असेल का?

असं समजून घरी थांबू नका. वीस आठवड्यांनंतर चमकणं, ठिपके, अचानक धूसर किंवा दोन दोन दिसणं, काही क्षण काहीच न दिसणं ही प्रिक्लॅम्पसियाची म्हणजे प्रेग्नन्सीत बीपी धोकादायक वाढल्याची लक्षणं असू शकतात. सोबत जोरात डोकं दुखत असेल, बरगड्यांखाली उजवीकडे दुखत असेल, चेहरा किंवा हात एकदम सुजले असतील तर शंकाच नको. आधी डोळ्याच्या दवाखान्यात जायचं नाही, थेट प्रसूतीच्या हॉस्पिटलात जायचं आणि बीपी मोजून घ्यायचं, रात्री दोन वाजले असले तरी. बीपी आटोक्यात आलं आणि डिलिव्हरी झाली की नजर बहुतेक वेळा परत येते, पण वेळ घालवला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. हे सगळं डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांपर्यंतसुद्धा होऊ शकतं आणि त्या काळात आईकडे कुणाचं लक्ष नसतं, सगळे बाळात गुंतलेले असतात, म्हणून घरच्यांनीही हे वाचावं.

९. मला शुगर आहे आणि बाळाचा विचार चालू आहे. बहिणीला फक्त प्रेग्नन्सीत शुगर निघाली होती. दोघींनी डोळे तपासायचे का?

तुम्ही नक्की. आधीपासून शुगर असेल तर प्रेग्नन्सीत पडद्याचं नुकसान वेगाने वाढू शकतं. शक्यतो दिवस जायच्या आधी, मग पहिल्या तीन महिन्यांत, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं, डिलिव्हरीनंतरच्या वर्षापर्यंत तपासणी हवी. वाढलेली शुगर एकदम झटक्यात खाली आणली तर पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो, म्हणून शुगर आधीच हळूहळू आटोक्यात आणून ठेवणं हे डोळ्यांच्या दृष्टीनेही चांगलं.

बहिणीचं वेगळं आहे. शुगर फक्त प्रेग्नन्सीत आली असेल तर तेवढ्यासाठी पडद्याची तपासणी सहसा लागत नाही. पण अशा बायकांना पुढे कायमची शुगर होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून डिलिव्हरीनंतर ६ ते १२ आठवड्यांनी रक्ततपासणी आणि नंतरही अधूनमधून. यातला एक अपवाद म्हणजे अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच शुगर जास्त निघाली असेल तर ती आधीचीच असू शकते, मग डोळे तपासायचे.

१०. मायनस ९ नंबर आहे. जोर लावला तर पडदा सुटेल म्हणून सिझरच करा असं सांगतात, खरंय?

नुसत्या मोठ्या नंबरमुळे सिझर करायची गरज नसते, कळा देताना पडदा सुटतो याला आधार नाही. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात पडदा पातळ असू शकतो हे मात्र खरं, त्यामुळे एकदा बाहुली मोठी करून बघून घ्या, प्रेग्नन्सी असो वा नसो.

११. गर्भनिरोधक गोळ्या घेते आणि कधी कधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेघा येतात, मग डोकं दुखतं. काही संबंध?

पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकणाऱ्या, दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या अशा रेघा म्हणजे बहुधा ऑरा असलेलं मायग्रेन. यात डोळा खराब नसतो. पण ऑरावालं मायग्रेन आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या एकत्र आल्या की मेंदूच्या स्ट्रोकचा धोका वाढतो, सिगरेट असेल तर आणखीच, म्हणून अशा बायकांना त्या गोळ्या सहसा देत नाहीत. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना रेघांबद्दल स्पष्ट सांगा कारण ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगितलं तर हा मुद्दा निसटतो. एकाच डोळ्याची नजर अचानक गेली तर ते मायग्रेन समजू नका, १९ बघा.

१२. खाली वाकून उठलं की काही सेकंद अंधारी येते, कानात नाडीसारखा आवाज येतो, डोकं रोज दुखतं. वय २८. चष्मा लागला असेल का?

चष्म्याने हे होत नाही. तरुण वयात, त्यातही वजन वाढलेल्या बायकांमध्ये, मेंदूभोवतीच्या पाण्याचं प्रेशर वाढण्याचा एक आजार होतो आणि त्या प्रेशरने डोळ्यामागच्या नसेचं टोक सुजतं. सूज तशीच राहिली तर नजर कायमची जाऊ शकते. बाहुली मोठी करून आत बघितलं की सूज दिसते, मग एमआरआय आणि पाण्याचं प्रेशर मोजणं. वजन थोडं जरी उतरलं तरी खूप फरक पडतो, सोबत गोळ्या असतात, क्वचित ऑपरेशन लागतं. मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते जरूर सांगा, या औषधांनीही हे प्रेशर वाढू शकतं. हा आजार तरुण मुलींमध्ये ‘टेन्शनची डोकेदुखी’ म्हणून फार वेळा बाजूला पडतो, म्हणून आग्रहाने सांगते, डोळ्यात आत बघायला लावा.

१३. एका डोळ्याने लाल रंग फिका दिसतो आणि डोळा फिरवला की दुखतो. चष्मेवाल्याने नंबर ठीक आहे सांगितलं.

नंबर ठीकच असणार, कारण गडबड डोळ्यामागच्या नसेत असू शकते. या सुजेला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात, २० ते ४० वयाच्या बायकांमध्ये जास्त. नजर बऱ्याचदा आठवड्यां-महिन्यांत सुधारते, पण हे मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या (यात प्रतिकारशक्ती मेंदू आणि नसांवर उलटते) आजाराचं पहिलं लक्षण असू शकतं आणि काही प्रकारांत उपचाराला उशीर झाला तर नजर परत येत नाही. एक-दोन दिवसांत डोळ्याच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांकडे जा आणि स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका.

याच्या जवळचं एक : पाळी बंद झाली, बाळ नसताना स्तनातून दूध येतं आणि दोन्ही बाजूंचं कमी दिसून दाराला खांदा आपटतो, असं एकत्र असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ दिसण्याच्या नसांवर दाबत असू शकते. पाळीचं एका डॉक्टरांना आणि डोळ्यांचं दुसऱ्यांना सांगितलं तर कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही.

१४. थायरॉइड आता नॉर्मल आहे, तरी डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. असं कसं?

कारण डोळ्यांचा आजार रक्तातल्या थायरॉइडच्या आकड्यावर चालत नाही. तीच बिघडलेली प्रतिकारशक्ती डोळ्यामागच्या चरबीवर आणि स्नायूंवर उलटते, तिथे सूज येते, डोळा पुढे ढकलला जातो, वरची पापणी वर ओढली जाते, दोन दोन दिसतं. रिपोर्ट नॉर्मल असतानाही हे होतं, क्वचित थायरॉइडच्या आधीही. सिगरेटने हे हमखास वाढतं, घरात दुसरं कुणी ओढत असेल तर त्यांनीही बंद केलेलं बरं. थायरॉइडसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडीन सुचवलं असेल तर डोळ्यांचं आधी सांगा, त्याने डोळे बिघडू शकतात. रंग फिके दिसायला लागले, नजर उतरली किंवा झोपेत डोळा पूर्ण मिटत नसेल तर लगेच दाखवा, नसेवर दाब येत असू शकतो. आणि दिसण्यामुळे मनाला होणारा त्रास खरा आहे, तोही डॉक्टरांना सांगायला लाजू नका, आजार शांत झाल्यावर ऑपरेशनने डोळे बरेच पूर्ववत करता येतात.

१५. संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे. याने आंधळेपणा येतो असं वाचून बंद करावंसं वाटतंय.

बंद करू नका. हे औषध सांधे आणि किडनी वाचवतं आणि योग्य डोस असेल तर पहिल्या काही वर्षांत पडद्याला धोका खूप कमी असतो. डोस रोज दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमच्या आत हवा, म्हणजे ५० किलोच्या बाईला २५० पर्यंत, सगळ्यांना सरसकट ४०० नाही. पहिल्या वर्षात एक तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, त्यात पडद्याचा स्कॅन आणि नजरेच्या क्षेत्राची टेस्ट. किडनी कमजोर असेल किंवा ब्रेस्ट कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनही चालू असेल तर दरवर्षीची तपासणी लवकर सुरू करायची. झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून ही तपासणी चुकवू नका.

१६. गालावरच्या डागांसाठी क्रीम लावते, त्याचा डोळ्यांशी काय संबंध?

त्यात स्टेरॉइड असेल आणि डोळ्यांजवळ बरेच महिने लागत असेल तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. हेच स्टेरॉइडच्या ड्रॉप्सचं, डोळा लाल झाला की घरात उरलेली जुनी बाटली टाकायची सवय अनेकींना असते आणि बरं वाटतं म्हणून ती सुटत नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन असं काही असेल तर डॉक्टरांशिवाय टाकू नका.

१७. आईला मोतीबिंदू आहे पण ‘पिकू दे, मला कुठे वाचायचंय, चालतंय माझं’ म्हणते. काय करू?

पिकू द्यायची गरज आता राहिलेली नाही. आजच्या पद्धतीत ढगाळ झालेलं भिंग बारीक छेदातून काढून कृत्रिम भिंग बसवतात, आणि फार पिकलेला मोतीबिंदू कडक होऊन ऑपरेशन उलट अवघड होतं, कधी फुगून डोळ्याचं प्रेशरही वाढवतो. रोजच्या कामात अडायला लागलं की करायचं, एवढाच निकष.

आणि ‘चालतंय’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. मोतीबिंदू हे जगात आंधळेपणाचं सगळ्यात मोठं कारण आहे, ऑपरेशनने बरं होणारं आहे, तरी बऱ्याच गरीब देशांत बायकांचं ऑपरेशन पुरुषांपेक्षा कमी होतं. आई नाही म्हणते तेव्हा बहुतेक वेळा ती खर्च, तुमची सुट्टी, घरातलं काम आणि भीती या सगळ्याला नाही म्हणत असते. तिला विचारा की संध्याकाळी बाहेर जाणं का सोडलं, पायऱ्या उतरताना कठडा का धरते, सुई ओवायला कुणाला देते. मग तारीख, सोबत आणि त्या दिवसांत काम कोण करणार हे सगळं ठरवून तिच्यासमोर ठेवा, नुसतं ‘करून घे’ म्हणण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. कमी दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं पडणं आणि खुबा मोडणं हे ऑपरेशनपेक्षा खूप जास्त भारी पडतं.

आधी पडदा आणि नस तपासून घ्या, म्हणजे ऑपरेशननंतर किती दिसेल याचा अंदाज सगळ्यांना असेल.

१८. दाराची चौकट मध्येच वाकडी दिसते, वाचताना मधलं अक्षर गायब होतं. मोतीबिंदूच ना?

मोतीबिंदूत सगळंच धूसर होतं, रेषा वाकत नाहीत. सरळ रेषा वाकडी दिसणं म्हणजे पडद्याच्या अगदी मधल्या भागात, मॅक्युलात, गडबड. पन्नाशीनंतर वयामुळे होणारा मॅक्युलाचा आजार असू शकतो किंवा मॅक्युलाला पडलेलं भोक, जे साठीतल्या बायकांमध्ये जास्त दिसतं. आजार ओल्या प्रकारचा, म्हणजे पडद्याखालच्या नव्या नाजूक रक्तवाहिन्या गळणारा, असेल तर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं नजर वाचवतात, पण ती आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवीत, म्हणून एक-दोन दिवसांत दाखवा. घरी एकेक डोळा झाकून बारीक चौकोन आखलेल्या कागदाकडे अधूनमधून बघत राहायचं, रेषा वाकल्या की फोन करायचा. ल्युटिन-झिंकच्या गोळ्या मधल्या टप्प्यावरच्या आजारात तो वाढणं कमी करतात, आजार नसलेल्यांना काही उपयोग नाही, आणि सिगरेट ओढणाऱ्यांनी किंवा आधी ओढत असलेल्यांनी बीटा कॅरोटीन असलेल्या टाळायच्या.

१९. कोणत्या त्रासाला त्याच दिवशी जायचं आणि कशाला थांबलं तरी चालतं?

एका किंवा दोन्ही डोळ्यांची नजर अचानक गेली, अगदी काही मिनिटांसाठी गेली आणि परत आली तरी, त्याच दिवशी. अचानक खूप काळे ठिपके, विजेसारखं चमकणं किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली तर आतला पडदा सुटत असू शकतो, त्याच दिवशी. डोळ्यात केमिकल गेलं तर आधी निदान १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि मग जायचं.

डोळा लाल, खूप दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलयं, सोबत मळमळ-उलटी, हे काचबिंदूचा झटका असू शकतं. हा कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी निघून जायची वाट, बंद होणारा प्रकार बायकांमध्ये जास्त होतो कारण त्यांचा डोळा थोडा लहान आणि पुढची जागा उथळ असते, आणि उलट्यांमुळे पोटाचं किंवा अर्धशिशीचं औषध देऊन घरी पाठवलं जातं. सर्दीच्या किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी बाहुली मोठी होऊन हा झटका येऊ शकतो. कोन अरुंद आहे हे आधी कळलं तर लेझरने छोटं भोक पाडून झटका टाळता येतो.

आणि पन्नाशीच्या पुढच्यांसाठी : कानशिलात नवीन डोकेदुखी, केस विंचरताना डोकं दुखणं, चावताना जबडा भरून येणं, ताप-थकवा आणि नजरेत कसलाही बदल, हे एकत्र असेल तर कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. ही बायकांमध्ये दोन ते तीन पट जास्त होते. एक डोळा गेला की काही दिवसांत दुसराही जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइड सुरू करतात. ‘दात दुखत असतील’ म्हणून आधी दाताच्या डॉक्टरांकडे जाण्यात दिवस घालवू नका.

हळूहळू वाढलेला कोरडेपणा, बरेच महिने असलेला एखादा ठिपका, चाळिशीचा नंबर, याला अपॉइंटमेंट घेऊन गेलं तरी चालतं.

२०. मेकअप आणि लेन्स दोन्ही वापरते, काय पाळू?

लेन्स आधी घाला आणि मेकअप नंतर, काढताना लेन्स आधी. लायनर पापणीच्या आतल्या ओल्या कडेला लावू नका, तिथेच ५ मध्ये सांगितलेल्या तेलाच्या ग्रंथींची तोंडं असतात. मस्कारा तीन महिन्यांनी टाका, कुणाशी वाटून वापरू नका, डोळे आले असतील तर त्या काळात वापरलेलं सगळं फेकून द्या. लेन्सला नळाचं पाणी कधीही लावू नका, लेन्स घालून अंघोळ, पोहणं, झोपणं नको, पाण्यातल्या अकांथअमिबा नावाच्या जंतूने होणारा संसर्ग बरा व्हायला महिने लागतात आणि नजर जाऊ शकते. पापण्या लांब करणाऱ्या काही सिरममध्ये काचबिंदूच्या औषधासारखे घटक असतात, त्याने पापणीचा रंग गडद होऊ शकतो, डोळे खोल गेल्यासारखे दिसू शकतात आणि बुबुळाचा रंग बदलला तर तो कायमचा.

२१. आजीची नजर खूप गेलीय. आता ती म्हणते समोर छोटी माणसं, फुलं दिसतात. डोक्यावर परिणाम झालाय का?

बहुतेक नाही. नजर खूप कमी झाली की डोळ्याकडून येणारी माहिती थांबते आणि मेंदू स्वतःच चित्रं तयार करायला लागतो. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. चित्रं स्पष्ट, रंगीत असतात, आवाज नसतो आणि ती खरी नाहीत हे त्या माणसाला कळत असतं किंवा समजावल्यावर पटतं. वेड लागलं म्हणतील या भीतीने कितीतरी आज्या हे कुणालाच सांगत नाहीत, तिने तुम्हाला सांगितलं हेच मोठं आहे. चित्र आलं की डोळे डावी-उजवीकडे फिरवणं, उठून दिवा लावणं, जागा बदलणं याने ते बऱ्याचदा जातं. आवाजही ऐकू येत असतील, ती गोंधळत असेल किंवा नवीन औषध सुरू झाल्यावर हे आलं असेल तर मात्र कारण वेगळं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

आणि नजर गेली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं थांबवू नका. उरलेली नजर टिकवायची असते, आणि भिंगं, मोठ्या अक्षरांचा आणि बोलणारा फोन, पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी, खुर्चीमागून येणारा चांगला दिवा अशा गोष्टी शिकवणारे लो व्हिजनचे विभाग असतात, तिथे तिला एकदा घेऊन जा. तिला काचबिंदूने कमी दिसत असेल तर तिच्या मुलामुलींनी आणि भावंडांनी स्वतःचे डोळेही तपासून घ्यावेत, वेळापत्रक २ मध्ये आहे.